स्प्रिंगची गणिते आणि माझे अर्धे उत्तर

अकरावीच्या एका चाचणीत टांगलेल्या स्प्रिंगचे एक साधे गणित माझे चुकले होते. स्प्रिंगचा स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर, तिला अडकवलेला ठोकळा ०.५ किलोग्रॅमचा, स्प्रिंग ताणलेली नसताना तो हातातून एकदम सोडला, तर ती जास्तीत जास्त किती ताणली जाईल, असा प्रश्न होता. गुरुत्वत्वरण १० धरून मी ५ न्यूटन वजनाला २०० ने भागले आणि २.५ सेंटिमीटर हे उत्तर लिहून मोकळा झालो. ते उत्तर संतुलनाच्या, म्हणजे वजन आणि स्प्रिंगची ओढ सारखी असते त्या जागेचे होते. पण खाली येणाऱ्या ठोकळ्याचा वेग तिथेच सर्वाधिक असतो, त्यामुळे तो तिथे थांबत नाही.

ऊर्जेच्या अक्षय्यतेने पाहिले, तर सोडतानाच्या आणि सर्वांत खालच्या, अशा दोन्ही क्षणी गतिज ऊर्जा शून्य असते. म्हणून स्प्रिंग क्ष मीटर ताणली गेली असे धरले, तर गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेतील ५क्ष एवढी घट स्प्रिंगमध्ये साठणाऱ्या १००क्ष² (स्थिरांकाची निम्मी पट गुणिले ताणाचा वर्ग) ऊर्जेएवढी असते आणि क्ष ५ सेंटिमीटर येतो, माझ्या उत्तराच्या बरोबर दुप्पट. मग हाताने सावकाश खाली आणलेला ठोकळा २.५ सेंटिमीटरवर कसा स्थिरावतो, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्या वेळी गुरुत्वीय ऊर्जा ०.१२५ ज्यूलने घटते आणि स्प्रिंगमध्ये ०.०६२५ ज्यूलच साठते. उरलेली निम्मी आपला हात ऋण कार्य करून काढून घेतो.

म्हणून समीकरणाआधी दोन क्षण निश्चित करावेत आणि त्यांच्या दरम्यान हात किंवा घर्षण कार्य करते का, हे पाहावे. उंचीचे शून्य कुठेही धरता येते, स्प्रिंगचे ताण-दाब मात्र तिच्या नैसर्गिक लांबीपासूनच मोजावे लागतात: हीच स्प्रिंग २ वरून ४ सेंटिमीटरपर्यंत ताणायला ०.१२ ज्यूल लागतात, फरकाचा वर्ग करणाऱ्याला ०.०४ मिळतात. किती वेळ लागला, असे विचारले असेल, तर मात्र हे समीकरण एकटे पुरत नाही.

हाच ठोकळा उभ्या, हलक्या स्प्रिंगवर १० सेंटिमीटर उंचीवरून पडला, तर स्प्रिंग क्ष मीटर दबते असे धरून ५(०.१ + क्ष) = १००क्ष² या समीकरणातून १० आणि उणे ५ सेंटिमीटर अशी दोन उत्तरे निघतात. उणे उत्तर मी पूर्वी निमूटपणे खोडत असे. वास्तविक ठोकळा स्प्रिंगला चिकटून राहिला असता, तर परतताना तो नैसर्गिक टोकाच्या ५ सेंटिमीटर वर जाऊन थांबला असता. दोन्ही जागा संतुलनबिंदूपासून ७.५ सेंटिमीटरवरच आहेत.