मेम्फिसच्या कॅटफिश स्पर्धेला निघताना

आम्ही राहतो अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला, मिसिसिपी नदीच्या काठी. पण कॅटफिशची (शिंगाळ्यासारखा मिशावाला मासा) स्पर्धा खालच्या अंगाला मेम्फिसला असली की घरच्या पाण्याचा अंदाज घरीच ठेवून निघायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. मी सांगलीचा, कृष्णेत शिंगाळ्याला गळ लावत वाढलेला. बायको मालवणची, तिचे वडील पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकायचे. स्पर्धेत जोडी लागते, आमची घरातच आहे. तिची फेक माझ्यापेक्षा गोल पडते, हे मी इथे लेखी मान्य करतो.

निघायच्या आधी आठवडाभर मी हवामानापेक्षा जास्त वेळा केरोचं पाणी बघतो. (नाव इजिप्तच्या कैरोचंच, पण इथले लोक केरो म्हणतात.) केरो आमच्या आणि मेम्फिसच्या मध्ये, तिथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, आणि बहुतेक वेळा ओहायोच जास्त पाणी घेऊन येते. त्यामुळे आमच्या घाटावर पाणी उतरत असलं तरी मेम्फिसला चढत असू शकतं. केरोला आज जे चढलं ते दोन-तीन दिवसांत मेम्फिसला जाणवतं. मेम्फिसच्या गेजवरचं, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीवरचं, शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, मोजणीसाठी ठरवलेली एक पातळी. म्हणून आकडा उणेही जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो उणे १२ फुटांच्याही खाली गेला होता. पूर मानतात ३४ फुटांना, आणि १९३७ साली पाणी ४८.७ फुटांवर पोचलं होतं. म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकांत साठ फुटांचा फरक. गेल्या वर्षी जिथे मासा लागला ती जागा या वर्षी कोरडी वाळू असू शकते.

आकडा उणे असला की बोट उतरवायचा रॅम्प आधी पायी उतरून बघा. काँक्रीट कुठे संपतं ते बांबूने चाचपून बघायचं. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही. ट्रेलरची मागची चाकं काँक्रीटच्या कडेवरून खाली गेली, मागे वीस बोटी रांगेत आणि पहाटेचे पाच. दोन ट्रकवाल्यांनी दोर लावून ओढून काढलं, एक शब्द न बोलता. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

रस्ता सोपा आहे. आय-५५ हायवे धरायचा, साधारण २८५ मैल, ट्रेलर मागे असला की पाच तास. घाई करू नका, ट्रेलरचे बरेचसे टायर ६५ मैलांच्या वेगासाठीच बनवलेले असतात. निघण्याआधी ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरा आणि पहिल्या पन्नास मैलांवर थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नका. एक जास्तीचं चाक, जॅक आणि बेअरिंगचा एक तयार संच गाडीत हवाच. अर्ध्या वाटेवर साइक्स्टन येतं, तिथे एका हॉटेलात गरम पाव टेबलावर आणून देत नाहीत, लांबून फेकतात. झेलायचा. थांबलात तर बोटीकडे नजर राहील अशी गाडी लावा. आम्ही आता दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊनच निघतो, बायको म्हणते पाव झेलून पोट भरत नाही.

मुक्कामाची खोली तळमजल्यावरची, बोट खिडकीतून दिसेल अशी, आणि बाहेर विजेचा पॉइंट असलेली घ्या. ट्रोलिंग मोटरच्या (बोट सावकाश चालवायची विजेची छोटी मोटर) बॅटऱ्या रात्रभर चार्ज व्हाव्या लागतात. लांब एक्स्टेन्शन वायर घरून न्या. सोनारचे (पाण्याखालचा मासा दाखवणारं यंत्र) स्क्रीन आणि रॉड रात्री खोलीत आणायचे, कितीही कंटाळा आला तरी.

लायसन्सची गोष्ट आधी उरका. मेम्फिसजवळ नदीवर टेनेसी आणि आर्कान्सा समोरासमोर आहेत, थोडं खाली गेलं की मिसिसिपी राज्य लागतं. आमचं मिझुरीचं लायसन्स तिथे उपयोगाचं नाही. मुख्य पात्रात चालणारं लायसन्स बाजूच्या फाट्यात चालेलच असं गृहीत धरू नका, दोन्ही राज्यांचे नियम वाचा आणि आदल्या संध्याकाळच्या कप्तानांच्या बैठकीत उघड विचारा. तिथे प्रश्न विचारायला लाजणारा माणूस दुसऱ्या दिवशी बाद होतो.

आता खरी मेख. टेनेसीत एका माणसाला दिवसाला ३४ इंचांवरचा एकच कॅटफिश ठेवता येतो. स्पर्धा पाच माशांची आणि बोटीत दोघं असली, तर हिशेब असा होतो: दोन मोठे, बाकी तीन ३४ च्या आतले. नवखे लोक दोन राक्षसांच्या मागे दिवस घालवतात आणि तीन लहान मासे शेवटच्या तासात कसेबसे भरतात. आमची कमाई नेहमी त्या तिघांवर झाली आहे. ३३ इंचांचा लठ्ठ ब्लू (कॅटफिशची एक जात) आणि २६ इंचांचा सडपातळ ब्लू यांच्यात कित्येक पौंडांचा फरक पडतो, तोही तीनदा. मोजपट्टी पक्की हवी, माशाचं तोंड मिटून फळीला टेकवायचं, शेपटी कशी धरायची ते नियमपत्रिकेत लिहिलेलं असतं तसंच धरायचं. पाव इंचाचा मोह नको. मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांत जिंकणाऱ्यांना खोटं पकडणाऱ्या पॉलिग्राफला बसवतात, आणि बसवावंच.

मिसिसिपी नदीत कॅटफिश मुख्यतः तीन: चॅनल, फ्लॅटहेड आणि ब्लू. वजनाची स्पर्धा ब्लूवर ठरते. जागतिक विक्रम १४३ पौंडांचा आहे, २०११ साली व्हर्जिनियातल्या केर तलावात लागलेला. मिसिसिपीतही २००५ साली आमच्या जवळच्या ऑल्टनला १२४ पौंडांचा निघाला होता.

ब्लूला आमिष हवं तेलकट आणि ताजं. सगळ्यात उत्तम स्किपजॅक हेरिंग नावाचा मासा. धरणाखालच्या खळाळत्या पाण्यात छोट्या गळांच्या माळेवर तो मिळतो. पण बोटीवरच्या पाण्याच्या टाकीत फार जगत नाही, म्हणून पकडल्याबरोबर बर्फात टाकायचा, घरी पुसून कोरडा करायचा आणि हवा काढलेल्या पिशव्यांत गोठवायचा. एका पिशवीत एका तासाला पुरेल इतकाच, नाहीतर उरलेला मऊ पडून गळावरून सुटतो. सोबत शॅड हा छोटा मासा हवा, तो तिथेच पागाने धरतो. चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, कापून चांगला चालतो, पण जिवंत चंदेरा राज्याची हद्द ओलांडून नेऊ नका. मेलेला, बर्फातलाच न्या.

मेम्फिसच्या पाण्यात दगडी बांध पात्रात आडवे घातलेले आहेत, प्रवाह मधोमध राहावा म्हणून. त्यांच्या टोकाखाली पाणी तळ खोदतं आणि डोह होतो. ब्लू तिथे बसतो. सोनारवर तो दिसला की दोन रस्ते. एक, डोहाच्या वर नांगर टाकून आमिष मागे सोडणं. दुसरा आमचा आवडता: बोटीचं नाक प्रवाहाकडे ठेवून ट्रोलिंग मोटरने बोट धारेपेक्षा सावकाश मागे जाऊ द्यायची, आणि सहा ते दहा औंसाचं शिसं तळावर उचल-टेक करत न्यायचं. हाताला खडा, वाळू, चिखल वेगवेगळा कळतो. मासा लागला की झटका देऊ नका, गोल वाकाचा गळ स्वतःच ओठाच्या कडेला बसतो. नुसता रॉड उचलून रीळ गुंडाळत राहा. कृष्णेच्या सवयीने मी झटका द्यायचो, आणि बायको मोजायची, किती सुटले ते.

नांगर नेहमी बोटीच्या नाकालाच बांधा, मागच्या बाजूला कधीही नको. तिथे बांधला की धार बोटीची मागची बाजू खाली ओढते आणि पाणी आत येतं. दोराला तरंगता गोळा लावा, म्हणजे घाईत नांगर सोडून देता येतो. घाई बार्जमुळे, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटींमुळे, होते. सेंट लुईसच्या खाली नदीवर धरणं आणि बोटी चढवा-उतरवायचे दरवाजे (लॉक) नाहीत, त्यामुळे तीस-तीस बार्जांचे ताफे एकत्र जातात. एक बार्ज १९५ फूट लांब आणि ३५ रुंद. सहा लांबीत, पाच रुंदीत म्हणजे पुढची रांग ते मागची रांग साडेतीनशे मीटर. त्याला थांबायला सांगून उपयोग नाही, तुम्हीच हला. रेडिओ चॅनल १३ वर त्यांचं बोलणं ऐकत राहा. इंजिन चालू असताना किल स्विचची (माणूस पडला की इंजिन बंद करणारा) दोरी अंगाला लावलेली हवी, छोट्या बोटी वेगात असताना एप्रिल २०२१ पासून तो कायदाच आहे. लाइफ जॅकेटबद्दल सांगत बसत नाही, घातलं नसेल तर बायको बोट चालूच करत नाही.

मासा पकडणं निम्मं काम, जिवंत परत आणणं निम्मं. मेलेल्या माशाला दंड किंवा सरळ शून्य. टाकीत नदीचंच पाणी, ऑक्सिजनच्या सिलिंडरची बारीक बुडबुड्यांची नळी, आणि सुटा बर्फ न टाकता बंद बाटल्यांतला. दुसऱ्या वर्षी आमच्या पंपाचा फ्यूज उडाला, दुपारचे एक वाजले होते, आणि तो लक्षात यायला चाळीस मिनिटं गेली. ३८ पौंडांचा मासा उलटा पडला. दोन रुपयांच्या वस्तूने आमची वजनाची रांग संपवली. तेव्हापासून जास्तीचे फ्यूज टाकीच्या झाकणाला टेपने चिकटवलेले असतात आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी झाकण उघडतं.

परतीचं गणित वेगळं मांडा. खाली जाताना धार मदत करते, वर येताना तीच वेळ आणि पेट्रोल खाते. वीस मैल खाली गेलात तर जाताना लागला त्यापेक्षा बराच जास्त वेळ धरा, शिवाय वाटेत ताफा आला तर लाटांमुळे सावकाश. वजनकाट्याची वेळ एका मिनिटाने चुकली तरी चालत नाही, आणि तो नियम योग्य आहे.

वजन झालं की माशाला दोन्ही हातांनी पोटाखालून आधार देऊन पाण्यात धरा, नुसत्या जबड्यावर लटकवू नका. शेपटी जोर लावू लागली की हात सैल करा. मग बोट वर ओढून टाकी, बिल्ज (बोटीच्या तळातलं पाणी) सगळं रिकामं करा, पाग वाळवा, एका पाण्यातले किडे-शिंपले दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. तळाचा बूच काढून मी तो ट्रकच्या किल्लीला अडकवतो. पुढच्या वेळी बोट उतरवताना तो हातातच येतो, विसरून बोट बुडवलेल्या माणसांना मी रॅम्पवर पाहिलं आहे.