इलेक्ट्रॉनिक किट बसवलेल्या पद्मिनीचा स्लो लावण्याआधी

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डेल्कोत (प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच, काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. गाडी मोकळ्या रस्त्यावर छान ओढते, पण सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या मंद गतीवर) आली की थरथरते, मिसिंग करते म्हणजे ठोके चुकवते, मग बंद पडते. अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूवर जातो. तो आवरा. या यादीत कार्बोरेटर बराच खाली आहे आणि मुद्दाम खाली ठेवला आहे. गेल्या खेपेला एकच मोजमाप राहिलं होतं: किटला सप्लाय देणाऱ्या लाल वायरीवरचा व्होल्टेज, तोही इंजिन स्लोला चालू असताना. त्यापायी व्यवस्थित लागलेला कार्बोरेटर उगाच उघडला गेला. म्हणून हे मोजमाप खाली पुन्हा पुन्हा येईल, वाचून कंटाळा आला तरी.

सामान आदल्या दिवशीच काढून ठेवा. मल्टिमीटर, टायमिंग लाइट, फीलर गेज, प्लग पाना, पॉलिश पेपर, खुणेसाठी खडू. मीटरमध्ये नवा सेल घाला, कारण उतरलेल्या सेलवर मीटर चुकीचे आकडे दाखवतो. मीटरच्या दोन्ही टोकांना क्लिपा हव्यात. चालू इंजिनावर, फिरत्या पंख्याशेजारी पिना हातात धरून उभं राहू नका. एप्रिल-मे असेल तर सकाळी सातलाच बॉनेट उघडा. सोलापूरच्या दुपारी चाळिशीपार गेलेल्या उन्हात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून वाफाळतं, त्यानेही स्लो बिघडतो, आणि मग कोणता दोष कशाचा ते कळत नाही.

बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, टर्मिनल घासलेले. प्लग, कॅप, रोटर बघून घ्या, ते सांगायला नको. प्लगच्या वायरी मात्र बघा. जुन्या साध्या तांब्याच्या तारेच्या असतील तर बदला. त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट किटच्या सेन्सरला गोंधळात टाकतो. पॉइंटला त्याचं काही वाटत नव्हतं, किटला वाटतं. कार्बन गाभ्याच्या, रोधक वायरी घ्या.

आता लाल वायर. पॉइंट म्हणजे नुसता यांत्रिक स्विच होता, व्होल्टेज थोडा कमी मिळाला तरी तो उघडझाप करतच राहायचा. किटच्या आत इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि त्याला पुरते १२ व्होल्ट लागतात. जुन्या गाड्यांच्या वायरिंगला वर्षानुवर्षं कितीतरी हात लागलेले असतात. कुणी कधी तरी बॅलास्टची, म्हणजे रेझिस्टर जोडूनच चालवायची, इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) टाकलेली असते आणि तिच्या वाटेत पांढऱ्या चिनी मातीचा रेझिस्टर बसवलेला असतो. बसवणारा लाल वायर सोयीने कॉइलच्या प्लसला जोडतो, म्हणजे रेझिस्टरच्या पुढे. साधा हिशोब बघा: दीड ओहमचा रेझिस्टर, दीड ओहमची कॉइल. करंट वाहू लागला की १२ पैकी ६ व्होल्ट रेझिस्टरच खातो आणि उरलेल्या सहावर किट चालवायचं.

आणि इथेच फसगत होते. इंजिन बंद ठेवून, नुसता स्विच ऑन करून मीटर लावला तर तिथे १२ दिसू शकतात. त्या क्षणी कॉइलमधून करंट वाहत नसेल तर रेझिस्टरवर काहीच पडत नाही, म्हणून आकडा पुरा येतो. तो बघून समाधान मानू नका. इंजिन चालू करा, स्लोला आणा, आणि तेव्हा लाल वायरीवर मीटर बघा. सात-आठ-नऊ दिसले तर मिसिंगचं कारण सापडलं. इंजिन चालू. स्लोला. लाल वायरीवर. कागदावर लिहून बॉनेटला आतून चिकटवा.

मग हेच मोजमाप हेडलाइट, वायपर लावून पुन्हा घ्या. गाडीला अजून बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामोच असेल तर हे अजिबात सोडू नका. डायनामो स्लोला चार्ज करत नाही, डॅशवरचा लाल दिवा लागतो तो त्याचाच. इंजिन जोरात फिरताना गाडी ठीक आणि सिग्नलला हेडलाइटसकट उभी राहिली की मरते, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. शेवटी मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं लाल वायरीवर ठेवा, इंजिन चालू असतानाच. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर इग्निशन स्विचचे जुने कॉन्टॅक्ट, वायरीच्या टोकाचं सैल थिंबल, नाहीतर टेपखाली हिरवी पडलेली तार शोधा.

उपाय अवघड नाही. लाल वायर रेझिस्टरच्या आधी, थेट स्विचवरून घ्या. स्विच दमलेला असेल तर रिले टाका: जुनी वायर फक्त रिलेचा स्विच चालू करेल, किटला सप्लाय बॅटरीवरून जाईल. पण रेझिस्टर उपटून फेकायची घाई नको! आधी वायरी सोडवून कॉइलचा प्रायमरी रोध मोजा. ३ ओहमच्या आसपास असेल तर रेझिस्टर खुशाल काढा. दीड ओहमची असेल आणि तुम्ही रेझिस्टर काढलात, तर कॉइलमधून दुप्पट करंट जाईल, कॉइल तापेल आणि किट जळेल. कोणती कॉइल चालते ते किटच्या कागदावर असतं, तो कागद वाचा. आणि इंजिन बंद असताना स्विच ऑन ठेवून चहाला जाऊ नका, त्यानेही किट जातं.

अर्थिंग. डेल्कोच्या आतल्या प्लेटला बॉडीशी जोडणारी एक छोटी विणलेली तार असते. ती तुटलेली किंवा तेलात भिजलेली असेल तर किटला अर्थ नीट मिळत नाही. मीटरचं एक टोक त्या प्लेटवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, इंजिन स्लोला चालू: जवळजवळ शून्य यायला हवं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुन्हा लावायचंच. पॉइंट जिथे उघडायचा नेमक्या तिथेच किट करंट तोडेल असं नाही, त्यामुळे डेल्को होती तशीच ठेवली तर टायमिंग सरकतं. व्हॅक्यूमची नळी असेल तर काढून तिचं तोंड बंद करा, पुलीवरच्या खुणेला खडू लावा, मग लाइट मारा. खूण एका जागी न राहता मागे-पुढे नाचत असेल तर डेल्कोतल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या आहेत, ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडणं) स्लोलाच सुरू होतोय. तसल्या डेल्कोवर स्लो कधीच स्थिर लागत नाही, आधी स्प्रिंगा. एकेक सिलिंडर तपासताना प्लगची वायर हाताने ओढू नका. नव्या कॉइलचा झटका जुन्यासारखा नसतो, आणि मोकळी लटकणारी वायर किटलाही मारते. इंजिन बंद करून वायर काढा, तिला जुना प्लग लावून तो बॉडीला टेकवा, मग चालू करा.

हवेची गळती: कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटलच्या दांड्याचा खेळ. पेट्रोल शिंपडून गळती शोधायची पद्धत बंद करा, आग लागते. पाण्याचा बारीक फवारा मारा, इंजिनाचे फेरे बदलले की जागा सापडली.

इथवर सगळं बरोबर आलं तरच कार्बोरेटर. आणि आधी विचारतो, लाल वायर स्लोला मोजली ना? मग स्लो जेट उघडून हवेने साफ करा, तार घालू नका. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना ते ठीक, पण जुन्या रबरी नळ्यांना ते खातं, त्यांचा चुरा जेटमध्ये अडकतो. नळ्या बदलाच. इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ पडतं, तेव्हा मिक्श्चर स्क्रू जुन्या खुणेपेक्षा थोडा जास्त उघडावा लागेल. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण सोडलेला, फेरे मिनिटाला सातशे-आठशेवर.

टॅपेटची (व्हॉल्व्हची) गॅप थंड इंजिनावर, म्हणजे खरं तर सकाळी सगळ्यात आधी. कॉम्प्रेशन शंका असेल तरच. एअर फिल्टर झटका.

नंतर तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत चक्कर, परत येऊन गर्दीत पाच मिनिटं उभी ठेवा. काढलेले पॉइंट, कंडेन्सर, त्यांचे स्क्रू आणि फीलर गेज एका डब्यात घालून डिकीत ठेवा. घाटात किट गेलं तर ०.४ ते ०.५ मिलिमीटर गॅप लावून त्यांच्यावरच घरी यायचं आहे.