कॉलेजात शिकवता शिकवता ग्रँट मिळवायची तर

मी पूर्व उपनगरातल्या एका संलग्न कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नोकरी लागली त्याच वर्षी एका केंद्रीय संस्थेकडे ३८ लाखांच्या संशोधन-निधीचं प्रपोजल टाकलं होतं. विषय होता, शेतातल्या टाकाऊ मालापासून शोषक तयार करून जीन्स धुलाईचं निळं पाणी स्वच्छ करायचं. ३८ पैकी २९ लाख एकट्या यंत्राचे. काही महिन्यांनी नकार आला. परीक्षकाचे प्रश्न दोनच होते: यात नवीन काय, आणि हे यंत्र कॉलेजात चालवणार कोण? आठवडाभर चिडचिड केली. मग लॅबमधल्या मामांना सहज विचारलं, ‘असं मशीन आलं तर ठेवायचं कुठे?’ ते म्हणाले, ‘सर, एसी एकाच खोलीत आहे. आणि पावसाळ्यात तिथे वरून गळतं.’ परीक्षकाचं बरोबर होतं.

आता नवीन लागलेले सहायक प्राध्यापक मला विचारतात, ‘सर, कुठे अप्लाय करू?’ मी उलट विचारतो, ‘तुझी सॅम्पल्स सध्या कोण तपासून देतं?’ त्याला उत्तर नसेल तर फॉर्म भरायची घाई करू नये, असं माझं मत आहे. आठवड्याला १६ तास शिकवणं, वर पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली आणि अधूनमधून निवडणुकीची ड्युटी. यातून उरलेल्या वेळात एकट्याच्या बळावर प्रकल्प उभा राहत नाही.

मुंबईत या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पवईला आयआयटी, ट्रॉम्बेला अणुसंशोधनाचं बीएआरसी, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी आणि कापसावर काम करणारी सिरकॉट, परळला लसींचं हाफकिन, कुलाब्याला मूलभूत विज्ञानाचं टीआयएफआर, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. सगळं लोकल आणि बसच्या टप्प्यात. माझा नांदेडचा मित्र एका मोजमापासाठी रात्रभर प्रवास करून येतो. आपण दुपारचं प्रॅक्टिकल आटपून जाऊन येऊ शकतो, तरी जात नाही.

माझी खरी सुरुवात विद्यापीठाच्या मायनर रिसर्च ग्रँटने झाली. मिळाले ३० हजार. स्टाफरूममध्ये हसले लोक. पण आयआयटीत सैफ म्हणून मोठ्या यंत्रांवर मोजमापं करून देणारी सुविधा आहे, तिथे बाहेरच्यांची सॅम्पल्सही शुल्क घेऊन तपासून देतात, आणि त्या ३० हजारांत माझी पहिली मोजमापं तिथेच झाली. पहिल्या खेपेला सहा काचेच्या बाटल्या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात घालून नेल्या. वर मार्करने क्रमांक टाकले होते. मे महिना, गच्च भरलेली लोकल, डबा हातात धरलेला. काउंटरवर झाकण उघडलं तर घामाने चार क्रमांक पुसलेले. सगळ्या पावडरी दिसायला एकसारख्या काळ्या. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, ‘पेन्सिलनं चिठ्ठीवर लिहायचं, वरून पारदर्शक टेप. पेन्सिल पुसत नाही.’ महिनाभराचं काम गेलं. पण पुढच्या वेळी त्यानेच फोन करून कळवलं की एका सॅम्पलचा आलेख विचित्र येतोय, परत करून बघतो. ही ओळख कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. त्या ३० हजारांतून एक पेपर निघाला. पुढच्या प्रपोजलमध्ये ‘प्राथमिक निष्कर्ष’ या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी लिहिता आलं.

मग ट्रॉम्बे. अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस हे मंडळ विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना प्रकल्प देतं. त्यात एक खास अट असते: प्रमुख संशोधक तुम्ही, पण बीएआरसीसारख्या विभागाच्याच एखाद्या संस्थेतला शास्त्रज्ञ ‘प्रिन्सिपल कोलॅबोरेटर’ म्हणून सोबत लागतो. बहुतेक नवखे शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी असा माणूस शोधत फिरतात, म्हणजे खरं तर सही शोधत फिरतात. असं प्रपोजल वाचताना चटकन ओळखू येतं. दोघांनी लिहिलेले परिच्छेद एकमेकांशी बोलतच नाहीत.

मला माझे ट्रॉम्बेचे सर, म्हणजे पुढे माझे कोलॅबोरेटर झालेले शास्त्रज्ञ, एका सेमिनारमध्ये भेटले. माझ्या पोस्टरपुढे उभं राहून त्यांनी रंध्रांच्या आकाराबद्दल एक खोचक प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. घरी जाऊन मोजमाप शोधलं, चार दिवसांनी तीन ओळींची मेल आणि सोबत एक आलेख पाठवला. सीव्ही नाही, ‘आपल्या मार्गदर्शनाची नितांत गरज’ वगैरे नाही. त्यांनी भेटायला बोलावलं. आत जायला पास आधी काढावा लागतो, आणि फोन गेटवरच ठेवावा लागतो. माझे सगळे आलेख फोनमध्ये! शेवटी कॅन्टीनमध्ये कागदी रुमालावर बॉलपेनने आलेख काढून दाखवले. त्यांनी तो रुमाल आपल्याकडे ओढला आणि म्हणाले, ‘रंग किती शोषला जातो हे हजार जणांनी मोजलंय. शोषलेला रंग परत काढता येतो का? पाचव्या खेपेला तुमच्या शोषकाचं काय होतं?’ परीक्षकाच्या ‘नवीन काय’चं उत्तर मला तिथे मिळालं. विद्यापीठांना अणुऊर्जा विभागाच्या सुविधा खुल्या करणाऱ्या यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमचं मुंबई केंद्रही बीएआरसीतच आहे, त्यांच्यामार्फत विद्यापीठाच्या लोकांना ध्रुव अणुभट्टीतल्या न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या सुविधा वापरता येतात. पदार्थविज्ञानवाल्यांनी तिकडे जरूर बघावं.

मोठ्या योजनांचं थोडक्यात सांगतो. एसईआरबी, म्हणजे विज्ञान संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था, आता नाही. २०२३ च्या कायद्याने एएनआरएफ ही नवी संस्था आली आणि एसईआरबी २०२४ मध्ये तिच्यात विलीन झाली. तिची तरुण शिक्षकांसाठीची प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत असते, कमाल वय ४२, काही वर्गांना सवलत. बाकीच्या अटी जाहिरातीत शब्द न् शब्द वाचा, सीनियरच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नका, कारण तो बहुधा त्याच्या काळातल्या यूजीसीच्या योजना सांगत असतो. एसईआरबीने सुरू केलेली ‘टेअर’ ही योजना मला फार शहाणी वाटते: आपली नोकरी सांभाळून वर्षात किमान ९० दिवस आयआयटीसारख्या यजमान संस्थेत काम, वर्षाला ६० हजार फेलोशिप आणि ५ लाखांचा निधी, हा निधी निम्मा आपल्या कॉलेजला, निम्मा यजमानाला. माझ्या एका सहकारी मॅडमनी ती केली. मे आणि दिवाळीची सुट्टी त्यांनी पवईतच काढली.

कला शाखेच्या मंडळींनी ‘आमच्यासाठी काही नसतं’ हे पालुपद आता सोडावं. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र कलिना कॅम्पसमध्येच आहे, जे. पी. नाईक भवनात. आमचे इतिहासाचे एक सर काळा घोड्याच्या राज्य अभिलेखागारात वर्षभर नुसते बसले, मगच त्यांनी अर्ज केला. अर्जात फायलींचे क्रमांकच दिले होते.

बजेट करताना माणसाचा खर्च आधी मांडा. प्रकल्पावर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला, २०२३ पासून, जेआरएफ (कनिष्ठ फेलो) असेल तर महिना ३७ हजार आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलो) असेल तर ४२ हजार, घरभाडे भत्ता वेगळा. दोन वर्षं जेआरएफ, तिसऱ्या वर्षी एसआरएफ धरलं तर नुसती फेलोशिप १३ लाख ९२ हजार होते. हे न बघता यंत्रं भरली की रसायनांना पैसे उरत नाहीत. आणि मंजुरीनंतर ‘हेड (खर्चाचं शीर्ष) बदलून द्या’ अशी पत्रं लिहीत बसावं लागतं.

पण सगळ्यात जास्त केस पांढरे होतात ते यूसीने. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे ग्रँट कशावर खर्च झाली याचा दाखला, सरकारी भाषेत जीएफआर १२-अ. माझ्या एका प्रकल्पाचा दुसरा हप्ता सात महिने अडला. का? ग्रँट बँकेत पडून राहिली तेव्हा तिच्यावर १,१४३ रुपये व्याज आलं. ते व्याज आपलं नसतं, भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारजमा करायचं असतं, आणि तसं यूसीत दाखवायचं असतं. कॉलेजच्या ऑफिसने ते फीच्या खात्यातल्या किरकोळ जमेत टाकून दिलं. मला पत्ताच नाही. जेआरएफ मुलगी कल्याणहून यायची, सात महिने तिला मी स्टायपेंड देऊ शकलो नाही. तिसऱ्या महिन्यापासून पासाचे पैसे मी खिशातून दिले, ते घेतानाही तिचा चेहरा उतरलेला असायचा. आता पहिला हप्ता आला की त्याच दिवशी अकाउंट्सच्या वहिनींसाठी वडापाव घेऊन जातो, शेजारी बसतो आणि सँक्शन लेटर दोघं मिळून वाचतो. प्रत्येक अट. पिवळ्या हायलायटरने.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझे ट्रॉम्बेचे सर प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. सरकारी शास्त्रज्ञ साठीला निवृत्त होतो, हे मला माहीत होतं, सरांचं वय विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. नवा कोलॅबोरेटर शोधणं, पुन्हा मंजुरी, पुन्हा पास, यात पाच महिने गेले. तेव्हापासून दुसऱ्याच भेटीत विचारून घेतो, ‘सर, आपली साठी कधी?’ पहिल्यांदा ज्यांना विचारलं, त्यांना वाटलं मी सत्काराची वर्गणी काढतोय.