कृत्रिम पापण्या जोडताना एका केसाला एकच केस

पापण्यांना कृत्रिम केस जोडण्याच्या कामात खरे कौशल्य चिकटवण्यात नसून केस सुटा करण्यात असते. ग्राहकाने डोळे मिटल्यावर खालच्या पापणीचे केस जेलच्या पट्टीखाली झाकावेत. मग एका चिमट्याने वरच्या पापणीचा एकच केस शेजारच्या केसांपासून पूर्ण वेगळा धरावा आणि दुसऱ्या चिमट्याने कृत्रिम केसाचे बूड गोंदाच्या थेंबात हलकेच बुडवून, त्वचेपासून सुमारे ०.५ ते १ मिलिमीटर अंतर राखून, तो त्यावर टेकवावा. दोन नैसर्गिक केस एकत्र चिकटले, तर त्यांची वाढ एकाच वेळी होत नसल्याने ते एकमेकांना ओढतात आणि मुळाशी दुखू लागते.

हा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट प्रकारचा असतो व हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. साहजिकच मुंबईच्या पावसाळ्यात तो झपाट्याने धरतो आणि थेंब वारंवार बदलावा लागतो, हे नवशिके हमखास विसरतात.

अ‍ॅलर्जीची चाचणी किमान २४ तास आधी करावी. मिटल्या डोळ्यांवर करायचे हे काम आरशासमोर स्वतःच करू पाहणे मात्र धोक्याचे आहे.