थांबायचं कधी, फिरायचं कधी? जंगलात फोटो काढताना या चुका टाळा

ताडोब्याच्या कुठल्याही गेटवर सफारी संपवून परतणाऱ्या लोकांचं बोलणं ऐका. दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक म्हणजे, "चार तास नुसती धूळ खाल्ली, काही मिळालं नाही." दुसरी, "दीड तास पाणवठ्यावर बसून राहिलो आणि वाघीण निघाली पुढच्या वळणावर." दोघांनाही वाटतं की आपण दुसऱ्यासारखं केलं असतं तर फोटो मिळाला असता. बहुतेक वेळा ते खरं नसतं. फिरायचं ते जागा हेरण्यासाठी आणि थांबायचं ते फोटोसाठी. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की दोन्ही बिघडतात. पुढच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच होतात.

सायटिंगच्या, म्हणजे वाघ दिसल्याच्या, बातमीमागे धावणं

समोरून जिप्सी येते, ड्रायव्हर हात दाखवतो, आपली गाडी वळते. आपण पोहोचेपर्यंत तिथे आठ-दहा गाड्यांची रांग लागलेली असते आणि वाघ बांबूत शिरलेला असतो. दिसलाच तर गाड्यांच्या फटीतून, उन्हाच्या उलट दिशेने, कुणाच्या तरी टोपीसह. वाघ पाहायचा असेल तर यात गैर काही नाही. पण चांगला फोटो हवा असेल तर दुसऱ्याची बातमी ही शिळी बातमी असते.

या धावपळीचं टोक काय असतं ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारी गाड्यांच्या मध्ये सापडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमध्ये कॅमेरे होतेच.

यावरचा इलाज सफारी सुरू होण्यापूर्वीच करायचा असतो. बहुतेक पाहुण्यांना वाघ दाखवा म्हणजे झालं, असा ड्रायव्हर आणि गाइडचा अनुभव असतो, त्यामुळे ते धावतात. गेटवरच सांगून टाका, "भाऊ, आपल्याला पळायचं नाही. वाघ नाही दिसला तरी चालेल, पण बसू ते उजेड बघून बसू." गाडीतल्या बाकी लोकांनाही हे मान्य असायला हवं. सहा जणांच्या जिप्सीत एकाला फोटो, दोघांना वाघ आणि तिघांना लवकर नाश्ता हवा असेल, तर तुमचा संयम कुणाच्याही उपयोगाचा नाही.

थांबलो, पण भलत्याच जागी

संयमाचं कौतुक करणारे लोक ही गोष्ट सहसा सांगत नाहीत. पाणी दिसलं की गाडी लावायची, याला थांबणं म्हणत नाहीत. थांबायला पुरावा लागतो.

पहिला पुरावा जमिनीवर असतो. सकाळी रस्त्याच्या मऊ धुळीत ठसे दिसले तर ते टायरच्या खुणेवर आहेत की खाली, हे पाहायचं. टायरच्या खुणेवर ठसा असेल तर वाघ शेवटची गाडी गेल्यानंतर तिथून गेला. ठशावरून टायर गेलं असेल तर तो त्याआधीचा, आणि किती आधीचा ते सांगणं अवघड. चांगला गाइड हे चालत्या गाडीतून ओळखतो. मात्र त्यासाठी गाडी हळू चालायला हवी.

दुसरा पुरावा कानाला मिळतो. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, ऐकू आली की नवखे लोक उभेच राहतात. पण चितळ भित्रं असतं. बिबट्या, रानकुत्री, कधी साध्या सळसळीवरही ते ओरडतं. झाडावरच्या वानराला वरून दिसत असतं, त्यामुळे ते एकाच दिशेला बघून खकखकत असेल तर ती दिशा पकडा. सांबर मात्र उगाच ओरडत नाही. सांबराचा कॉल लागला आणि त्याची जागा सरकत असेल, तर जनावर चालतंय. तेव्हा कॉलच्या मागे जायचं नाही. ते जिथे रस्ता ओलांडेल किंवा पाण्यावर येईल असं वाटतं, तिथे आधी पोहोचायचं.

इथेच एक गैरसमज फार फोटो घालवतो. कॉल थांबले की लोक म्हणतात, "गेला वाटतं." गेला असेलही. पण वाघ झाडोऱ्यात आडवा झाला आणि हरणांच्या नजरेआड गेला तरी कॉल थांबतातच. उन्हाळ्याच्या दुपारी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर कॉल थांबले असतील, तर मी तरी गाडी हलवू देणार नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. दुपारच्या सफारीत सूर्य पश्चिमेला उतरत जातो, म्हणजे तो पाठीशी येईल अशी जागा हवी. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या संरक्षित भागात, गाडी रस्ता सोडू शकत नाही, त्यामुळे काही पाणवठे सकाळचे असतात आणि काही संध्याकाळचे. ताडोब्यातला पाणवठा पांढरपौनी असो की तेलिया, "वाघ येतो का?" एवढंच विचारून भागत नाही. "आला तर उजेड कुठून असेल आणि मागे काय दिसेल?" हेही विचारा.

अर्धवट थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वीस मिनिटं इथे, पंधरा तिथे, मग पुन्हा पहिल्या जागी. यात फिरण्याचा फायदा नाही आणि थांबण्याचाही नाही. गाडी येऊन थांबली की आसपासचे प्राणी सावध होतात. ते सैल पडून आपापल्या कामाला लागायला वेळ जातो. नेमकं तेव्हा आपण इंजिन सुरू करतो.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी हळू फिरणं आणि दुपारी पाण्यावर बसणं हा हिशेब बहुधा बरोबर ठरतो. रात्रभर हद्द फिरलेला वाघ पहाटे बऱ्याचदा मोकळ्या रस्त्यावरून चालतो, कारण त्यालाही तेच सोपं पडतं. ऊन चढलं की तो पाण्यात किंवा पाण्याजवळच्या सावलीत जातो. अनेकदा पाठमोरा, आधी शेपटीकडून पाण्यात उतरतो. हिवाळ्यात हा हिशेब मोडतो. पावसाचं पाणी नाल्या-डोहांत जागोजागी साठलेलं असतं. तेव्हा एका पाणवठ्यावर तासभर बसणं म्हणजे निव्वळ हट्ट.

माणूस जागा, कॅमेरा झोपलेला

बराच वेळ थांबल्यावर होणारे घोळ वेगळेच असतात.

वाघ बाहेर येतो, बोट दाबलं जातं आणि काहीच होत नाही, कारण कॅमेरा बॅटरी वाचवायला स्लीपमध्ये गेलेला असतो. स्लीपची वेळ वाढवा, किंवा कॉल लागला की शटर अधूनमधून अर्धं दाबत राहा. दुसरा घोळ सेटिंगचा. साडेपाचला अंधारात वाढवून लावलेला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची तीव्रता, साडेसातच्या उन्हात तसाच राहतो आणि पांढरे फटक फोटो येतात. दर दहा मिनिटांनी समोरच्या गवताचा एक फोटो काढून पाहिला तर हे टळतं. तिसरा घोळ झूमचा. बसल्या बसल्या लोक ६०० मिमीवर दूरचा काठ न्याहाळत राहतात आणि वाघ गाडीशेजारच्या झुडपातून निघतो. मग फोटोत येतो नुसता कान. वाट पाहताना झूम मागे घेऊन ठेवा, आणि जनावर जिथून निघेल असं वाटतं त्या अंतरावर फोकस लावून ठेवा.

"थांबलो, फोटोही मिळाला, पण शार्प नाही" ही तक्रार आली की लोक लेन्सला दोष देतात. आधी इंजिन बंद होतं का ते आठवा. मग गाडीत कुणी उठबस करत होतं का ते. लेन्स टेकवायची बीनबॅग गाडीच्या दांड्यावर नीट बसली होती का? हे सगळं ठीक असेल तर अंतर पाहा. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि दूरचं चित्र वितळल्यासारखं होतं. त्यावर कुठल्याच लेन्सकडे उत्तर नाही. जवळ येण्याची वाट पाहायची, नाहीतर ऊन उतरण्याची.

सगळ्यांना वाघाचाच नियम लावणं

कोळसुनांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप सतत हलत असतो. तिथे बसून राहिलात तर फक्त धूळ दिसेल. कळप कुठे निघालाय ते ओळखून पुढचा रस्ता गाठायचा. शिकारीवर बसले असतील तर मात्र हलायचं नाही.

पक्ष्यांत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. वेडा राघू आपण जवळ जाताच उडतो आणि लोक त्याच्या मागे दुसऱ्या तारेकडे धावतात. जागेवरच थांबा. तो हवेत माशी किंवा चतुर पकडतो आणि बऱ्याचदा त्याच काटकीवर परत येऊन भक्ष्य आपटतो. खंड्याचीही पाण्यावरची आवडती फांदी ठरलेली असते. फांदी शोधली की निम्मं काम झालं.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं माणूस पायी दिसला की पळतात, पण थांबलेल्या गाडीची फारशी पर्वा करत नाहीत. थोडं पळून थांबतात, मागे वळून बघतात. तेव्हा गाडी पुढे रेटली नाही तर पुन्हा चरायलाही लागतात.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा. रोहित पक्षी चिखल चाळत चाळत स्वतःच जवळ सरकतात. उडत्या थव्याच्या फोटोसाठी नाव थव्यात घालायला सांगणारे पाहुणेही असतात. काही नावाडी सरळ नाही म्हणतात, आणि अशाच नावाड्याकडे पुन्हा जावं.

घरट्यासमोरचा संयम

इथे जितकं जास्त थांबाल तितकं नुकसान जास्त. चोचीत अळी घेऊन पक्षी समोरच्या फांदीवर बसलाय, आत जात नाही, मान वळवून तुमच्याकडे बघतोय. लोकांना वाटतं, छान पोज देतोय. तो तुमच्या जाण्याची वाट बघत असतो. तेवढ्या वेळात उघड्या घरट्यातली अंडी किंवा पिल्लं उन्हात भाजतात आणि तुमच्या हालचालीवर नजर ठेवून असलेल्या कावळ्याला घरटं सापडतं. आडोसा साफ व्हावा म्हणून फांदी वाकवणं किंवा तोडणं तर त्याहून वाईट. घरट्याचा फोटो काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उठायची वेळ न ठरवणं

पाणवठ्यावर शेवटची पंधरा मिनिटं सगळ्यात चांगला उजेड असतो आणि गेट बंद व्हायची वेळही जवळ येते. उशीर झाला तर कारवाई ड्रायव्हर आणि गाइडवर होते. मग परतीच्या वाटेवर गाडी भरधाव पळते, आणि संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांना तीच सगळ्यात धोक्याची. बसतानाच ड्रायव्हरला विचारा, "दादा, इथून हळू चालवत गेटवर जायला किती वेळ लागेल?" त्यात दहा मिनिटं वाढवा आणि त्या वेळेला उठा, समोर कॉल चालू असला तरी.