कुत्रा अचानक विव्हळायला लागला? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला माझं मेडिकल स्टोअर आहे आणि घरी कुत्रे आहेत. गावात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत असल्यामुळे कोणाचाही कुत्रा रात्री कुईंकुईं करायला लागला, की सकाळी शटर उघडायच्या आधी माणूस पायरीवर हजर असतो. वाक्यही ठरलेलं. "भाऊ, कुत्र्याले लय दुखून रायलं, एखादी गोळी द्या ना जी." कुठं दुखते? माहीत नाही. कधीपासून? "कालपासून... नाही, परवापासूनच असन." हात लावून पाहिला का? "चावते ना बाप्पा!" म्हणजे काहीच पाहिलेलं नाही, पण गोळी पाहिजे, आणि ती दहा रुपयांत पाहिजे.

मी डॉक्टर नाही, औषध विकणारा आहे. म्हणूनच ही पहिली चूक जरा लांबवून सांगतो, कारण ती माझ्या काउंटरवरून जाते.

माणसाची दुखण्याची गोळी

आपल्याकडे प्रत्येक घरात गुडघेदुखीच्या गोळ्यांचं एक पाकीट असतंच. त्यात डायक्लोफेनॅक असतं, ॲसिक्लोफेनॅक असतं, नाहीतर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. माणूस खातो, बरं वाटतं, मग "अर्धी कुत्र्याले देली त काय होते?" होतं असं, की या गोळ्या दुखणं थांबवतात त्याच वाटेनं पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही काढून घेतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. कुत्र्याचं शरीर हे औषध आपल्यासारखं पटकन बाहेर टाकत नाही. पोटात जखमा होतात, काळी डांबरासारखी शी होते, उलटीत रक्त येतं, शेवटी मूत्रपिंडं बसतात. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृत खराब करतं. मांजरीला तर त्याची एक गोळीही जीवघेणी ठरते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्येच बंदी आली, ती गिधाडांमुळे. औषध दिलेली गुरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. आपल्या लहानपणी ढोरफोडीवर गिधाडांची रांग बसायची. आता कुठे दिसते?

मागे जवळच्या एका गावातला पोट्टा आला होता. ऐन दिवाळीचे दिवस, शेताच्या धुऱ्यावर कुसळी वाळलेली. त्याचा कुत्रा पुढचा पाय टेकवत नव्हता, रात्रभर रडत होता. मी गोळी दिली नाही, सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला. तोंड पाडून गेला. दवाखान्यात कशाला जाईल? घरी आईच्या गुडघ्याच्या गोळ्या होत्या, त्यातली सकाळ-संध्याकाळ एकेक चपातीत गुंडाळून दिली. पहिल्या दिवशी कुत्रा चालला, तेव्हा हा मला खिजवायला दुकानात आला, "तुमी त नाईच देली, पण झाला पाहा बरा." नंतर कुत्र्यानं खाणं सोडलं, काळी शी केली, रक्ताची उलटी केली. मग गाडी करून धावपळ, सलाईन, रात्रीची जागरणं. डॉक्टरांनी पाय पाहिला तर दोन बोटांच्या मधे कुसळ शिरलेलं, वरून नुसतं एक लाल टिपूस. चिमट्यानं निघालं. कुत्रा वाचला, पण चिमट्यानं होणाऱ्या कामापायी त्या पोट्ट्यानं कुत्र्याच्या पोटात जखमा करून घेतल्या.

याच्या मागची दुसरी अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. माणसाची गोळी पोटात गेली असेल, तर डॉक्टर लगेच कुत्र्यासाठीचं दुखण्याचं इंजेक्शन किंवा स्टेरॉइड देऊ शकत नाहीत. दोन्ही एकावर एक पडलं तर पोट आणि मूत्रपिंडं आणखी बिघडतात. म्हणजे तुमच्या अर्ध्या गोळीनं डॉक्टरच्या हातातलं खरं औषधही काढून घेतलं. आणि दिलीच असेल गोळी, तर निदान तिथे खोटं बोलू नका. पाकीट सोबत न्या. अर्धे लोक तोंड वर करून "काईच नाई देलं जी" म्हणतात.

"हाड अडकलं" म्हणून तोंडात हात

ही चूक मला गोळीपेक्षाही जास्त भीतीची वाटते. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय. घरातले म्हणतात, हाड अडकलं. दोघं धरतात, तिसरा टॉर्च मारतो, चौथा घशात बोटं घालतो. हाडही असू शकतं, विशेषतः पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघरी मटण शिजतं तेव्हा. पण पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा, एक प्रकार अगदी असाच दिसतो. त्यात कुत्रा अंगावर धावून येत नाही. गप्प पडून राहतो, जबडा आणि घसा लुळा पडतो. पिसाळलेला कुत्रा म्हणजे तोंडाला फेस आणून गावभर चावत सुटलेला, एवढंच आपल्या डोक्यात असतं, म्हणून घरातल्या गरीब कुत्र्यावर कोणाला शंका येत नाही.

आमच्याच पट्ट्यातल्या एका घरात हे झालं. कुत्र्याला लस कधीच दिलेली नव्हती, "घरचाच त आहे" म्हणून. घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं घसा तपासला. हाड काही सापडलं नाही. काका माझ्याकडे घसा मोकळा करायचं औषध मागायला आले, तेव्हा त्यांच्या बोटांना दाताचे ओरखडे होते आणि त्यावर हळद लावलेली होती. औषधाचं राहू द्या म्हटलं, आधी साबण घ्या. दुकानाच्या नळावर हात धुवायला लावला आणि तिथूनच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. घरच्यांनाही बोलावून घेतलं. कुत्रा त्याच आठवड्यात मेला. माणसांची इंजेक्शनं वेळेत झाली म्हणून बरं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही.

म्हणून तोंडात हात नाही. लाळ लागली किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं घड्याळ लावून 15 मिनिटं धुवायचं, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही, आणि लस त्याच दिवशी सुरू करायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. हाड आहे की आणखी काही, ते पशुवैद्य बघतील, आणि त्यांना फोनवर आधीच सांगा की कुत्र्याला लस दिलेली नाही. त्यांनाही हात आहेत.

बाकीच्या चुका

सरळ जवळ जाऊन मिठी मारणं. दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो, त्यात बेइमानी काही नाही. माझी सवय अशी: आधी लांबून पाहायचं, मोबाइलवर थोडा व्हिडिओ घ्यायचा. डॉक्टरांपुढे गेल्यावर कुत्रा ताठ उभा राहतो आणि सगळी लक्षणं गायब होतात, तेव्हा तो व्हिडिओ कामी येतो. मग हात लावायच्या आधी सुती दुपट्ट्याचा पट्टा नाकाडावरून घेऊन जबड्याखाली गाठ, आणि टोकं कानामागे बांधायची. उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर मात्र तोंड बांधू नका, गुदमरेल.

तापमान न मोजताच "अंग तापलं" म्हणणं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरेनहाइट हे त्याचं नेहमीचं. थर्मामीटर मागच्या बाजूनं लावायचा असतो. माझ्या घरी कुत्र्याच्या थर्मामीटरला लाल दोरा बांधलेला आहे. का, ते सांगायला नको.

लुळ्या पडलेल्या मागच्या पायांना तेल चोळणं. पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकली असेल तर चोळून-ओढून तुम्ही ती आणखी सरकवता. फळीवर किंवा जाड सतरंजीवर झोपवून न्या.

गोचिडांवर रॉकेल, कानात गरम तेल. दोन्ही बंद करा.

सापाच्या बाबतीत लोक अजूनही दोरी आवळतात, कापतात, आणि मांत्रिकाकडे तासभर घालवतात. कापसात नाहीतर तुरीत फिरणाऱ्या कुत्र्याचं थोबाड किंवा पुढचा पाय बघता बघता सुजला आणि तो कळवळत असेल, तर घोणस समजूनच चाला. चालवू नका, उचलून गाडीत टाका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर माणसाला देतात तीच लस कुत्र्यालाही चालते, फक्त ती कुठे आहे हे निघायच्या आधी फोन करून विचारा.

कीटकनाशकाच्या फवारणीच्या दिवसांत लाळ, थरथर आणि पोटात कळा दिसल्या तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. मीठच डोक्यात चढतं, आणि उलटी फुप्फुसात गेली की संपलं. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तरी डबे अजून अंगणात पडलेले असतात आणि रिकाम्या डब्यात कुत्र्याला पाणी ठेवणारेही मी पाहिलेत. अंगाला औषध लागलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा, आणि डबा सोबत घ्या. त्यावरचं नाव डॉक्टरांना लागतं.

रील पाहून मोठ्या जातीचं पिल्लू आणणाऱ्यांसाठी एक वेगळं. पोट ढोलासारखं ताणलेलं, ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही, कुत्रा एका जागी थांबत नाही, हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि ऑपरेशनला मोजके तास मिळतात. ओवा, सोडा, हिंग काही नको. तशीच घाई हिरड्या पांढऱ्या पडल्या तर, नर कुत्रा जोर करूनही मुतत नसेल तर, आणि रानडुकराचा सुळा लागला असेल तर. सुळ्याची जखम वरून बोटभर दिसते आणि आत आतड्यापर्यंत गेलेली असते.

"गुराढोराचा डॉक्टर कुत्र्याले काय पाह्यते?" हे ऐकून ऐकून कान किटले. पाहतात. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना कुत्र्यासाठीही आहे, फक्त डॉक्टर एखाद्या गावात लसीकरणाला गेलेले असू शकतात, म्हणून आधी फोन. 1962 हा टोल फ्री नंबर फिरत्या पथकाचा, तो मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळ कोण डॉक्टर आहे हे विचारायला काय जातं? एक्स-रे, सोनोग्राफी, मोठं ऑपरेशन असलं की नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय, सेमिनरी हिल्सला. अकोल्याकडच्यांना अकोल्यालाच पशुवैद्यकाची संस्था आहे. आमच्याकडून नागपूर दीडशे किलोमीटर पडतं. त्यामुळे "उद्या पाहू" म्हणायच्या आधी तो रस्ताही वेळेत धरा. मे महिन्यात न्यायचं तर पहाटे निघा, नाहीतर दुखणं राहील बाजूला आणि कुत्रा उन्हानं जाईल.

आणि इंजेक्शननं बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी साखळी सोडणारे. दुखणं दबलंय, जुळलेलं काही नाही. डॉक्टर म्हणतील तितके दिवस बांधून ठेवा, बाजेवर चढू देऊ नका, मुतायलाही साखळीनंच न्या. तो रडेल, घरातले म्हणतील सोडा ना बिचाऱ्याले. सोडू नका.