प्रश्न चॅनेलवरच विचारा: आयटीत नव्याने लागलेल्यांसाठी

रुजू झालात की लॅपटॉपबरोबर स्लॅक किंवा टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपचं लॉगिन मिळतं. ते वापरायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. व्हॉट्सॲपवर वाढलेल्या पोरांना चॅट काय शिकवायचं, असं सगळे धरून चालतात. गोची तिथेच होते. व्हॉट्सॲपची सवय म्हणजे ओळखीचं माणूस गाठायचं आणि हळूच विचारून घ्यायचं. ऑफिसात नेमकं उलटं करायला हवं: चॅनेलवर, म्हणजे अख्ख्या टीमला दिसणाऱ्या ग्रुपवर, विचारायला हवं.

हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या टीममध्ये प्रत्येक नवा माणूस टेस्ट सर्व्हरच्या ॲक्सेसपाशी अडायचा आणि एकाच सीनियर मॅडमना डीएम (खासगी मेसेज) करायचा. त्या बिचाऱ्या तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करायच्या. शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं, "मला डीएम करू नका. चॅनेलवर टाका, मी तिथेच सांगते." झालं, चॅनेलवर शुकशुकाट! अख्ख्या टीमसमोर आपलं अज्ञान कोण दाखवणार? कोंडी फुटली ती आमच्या मॅनेजरनीच एक दिवस तिथे "हा रिपोर्ट नक्की कुठून रन करायचा?" असं विचारलं तेव्हा. सरच विचारतायत म्हटल्यावर बाकीचेही बोलू लागले. हळूहळू मॅडमच्या आधी दुसरंच कुणीतरी उत्तर देऊ लागलं. पुढे आलेल्यांना तर बरेचदा विचारावंही लागेना, सर्च केलं की सापडायचं. टूल आधीही तेच होतं, हे लक्षात घ्या.

स्लॅकचा जन्मही अशाच गरजेतून झालाय. टायनी स्पेक नावाची कंपनी 'ग्लिच' हा ऑनलाइन गेम बनवत होती. माणसं व्हँकुव्हर, सॅन फ्रान्सिस्को अशी विखुरलेली, म्हणून आपसातल्या बोलण्यासाठी त्यांनी स्वतःचं साधन जुळवून घेतलं. गेम २०१२ मध्ये बंद पडला. साधन मात्र २०१४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं.

आता प्रश्न लिहायचा कसा? "हाय सर" लिहून थांबू नका. समोरचा माणूस न्यूयॉर्कला असला, तर उन्हाळ्यात तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६:३० झालेले असतात, हिवाळ्यात ७:३०. तुम्ही दुपारी "हाय" टाकलंत, तिकडून संध्याकाळी "येस?" आलं, तोवर तुम्ही घरी जायच्या बसमध्ये. गेला दिवस. त्यापेक्षा काय करत होतात, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, हे एकाच मेसेजमध्ये लिहा. एररचा फोटो नको, मजकूर पेस्ट करा, म्हणजे पुढच्याला तो शोधता येतो. पुढचं बोलणं त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे त्या मेसेजखालच्या उत्तरांतच, होऊ द्या. आमच्याकडे डोळ्यांचा इमोजी म्हणजे 'बघतोय' आणि हिरवी टिक म्हणजे 'झालं'; तुमच्या टीमचे संकेत पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि 'ॲट चॅनेल' जपून वापरा, त्याने सगळ्यांचेच फोन वाजतात. (वाढदिवसाच्या केकसाठी तर मुळीच नको.)

पासवर्ड आणि क्लायंटचा डेटा चॅटवर टाकायचा नाही. पगाराची कुरकुरही बाहेर चहाच्या टपरीवर करावी, कारण ऑफिसच्या खात्यातला डीएम खासगी वाटला तरी गरज पडल्यास कंपनी तो पाहू शकते. शिवाय चॅट हे काही कायमचं दप्तर नाही. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये जेमतेम ९० दिवसांपर्यंतचे मेसेज दिसतात. म्हणून ठरलेल्या गोष्टी विकीच्या (टीमच्या सामायिक नोंदींच्या) पानावर उतरवा. कुणी नोटीस पीरियडवर गेलं की घाईघाईत जी केटी (कामाची माहिती दुसऱ्याला सोपवणं) उरकली जाते, तेव्हा ही पानंच उपयोगी पडतात.

सगळ्याच टीम अशा मोकळ्या नसतात. काही ठिकाणी चॅनेलवर विचारलं की "एवढंही माहीत नाही?" असा टोमणा येतो. तिथे हुतात्मा व्हायची गरज नाही. खुशाल डीएममध्ये विचारा, पण उत्तर मिळालं की सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या नावासकट ते चॅनेलवर टाका: "अमुक सरांनी हे सांगितलं, कुणाला लागलं तर." सरांचा मान राहतो, तुमचं नाव चार लोकांना कळतं आणि पुढच्या बॅचच्या पोराला टोमणा खावा लागत नाही.